दिओग्नेतसला लिहिलेले पत्र : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

दिओग्नेतस नावाच्या गृहस्थाला ख्रिस्ती धर्म समजावून सांगणाऱ्या ‘दिओग्नेतसला पत्र’ या आरंभीच्या ख्रिस्ती काळातील ग्रीक लेखनाला वाहिलेला एक ऑनलाइन अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. अवघ्या बारा छोट्या प्रकरणांच्या मजकुरावर एवढा विस्तार कशासाठी, ही शंका संहितेच्या इतिहासावरील पहिल्याच विभागात फिटते.

या पत्राचा उल्लेख एकाही प्राचीन लेखकाने केलेला नाही आणि ते आपल्यापर्यंत पोहोचले ते एकाच हस्तलिखितामुळे. १४३६च्या सुमारास कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये एका तरुण इटालियन धर्मोपदेशकाला ते मासळीच्या दुकानात, मासळी बांधून देण्याच्या रद्दीत सापडले, अशी हकीकत आहे. पुढे ते स्ट्रासबर्गला पोहोचले आणि २४ ऑगस्ट १८७० रोजी, प्रशियाच्या तोफमाऱ्यात तेथील ग्रंथालय जळाले, तेव्हा नष्ट झाले. त्यामुळे आज अभ्यासकाची भिस्त सोळाव्या शतकातील नकलांवर, आंरी एतिएन यांच्या १५९२च्या पहिल्या मुद्रित आवृत्तीवर आणि एकोणिसाव्या शतकात मूळ प्रत डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या नोंदींवर आहे. अभ्यासक्रमात हे साहित्य समोरासमोर मांडून प्रत्येक वादग्रस्त जागी विद्यार्थ्याला आधी स्वतः निर्णय घ्यायला लावले आहे. ही पद्धत वेळखाऊ असली, तरी पाठचिकित्सा, म्हणजे नकलांची तुलना करून मूळ मजकूर ठरवण्याचे शास्त्र, शिकवण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही.

सर्वांत सरस उतरला आहे तो खंडित जागांवरचा विभाग. सातव्या प्रकरणात देव आपल्या पुत्राला न्यायाधीश म्हणून पाठवील आणि त्याच्या येण्यापुढे कोण टिकेल, असा प्रश्न येतो व तेथेच मजकूर तुटतो; पुन्हा सुरू होतो तेव्हा आपण थेट श्वापदांपुढे टाकल्या जाणाऱ्या श्रद्धावंतांपाशी असतो. आपण ज्या जुन्या प्रतीवरून नक्कल करत आहोत तिच्यातच येथे खंड होता, अशी नोंद लेखनिकाने समासात केली होती. दहाव्या प्रकरणाच्या शेवटीही असाच खंड आहे आणि त्यानंतरची दोन प्रकरणे सूर, शैली व श्रोतृवर्ग या तिन्ही दृष्टींनी इतकी निराळी आहेत, की ती दुसऱ्या कोणाची असावीत असे बहुतेक अभ्यासक मानतात.

पत्राचा लेखक कोण, या प्रश्नावर मात्र शिक्षकांचा तोल जातो. हस्तलिखितात हे पत्र दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरच्या नावावर होते. ते मत आता कोणी धरत नाही, आणि अभ्यासक्रमानेही ते योग्य तेवढ्या थोडक्यात निकालात काढले आहे. त्याऐवजी क्वाद्रातुस हा आरंभीचा ख्रिस्ती लेखकच या पत्राचा कर्ता, या तर्काला एक अख्खे व्याख्यान दिले आहे. ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ क्वाद्रातुसने केलेल्या, आता हरवलेल्या लेखनाचा एकच उतारा युसेबियस या चौथ्या शतकातील चर्च-इतिहासकाराने जपून ठेवला. तो आपल्या पत्रात कोठेही नाही, म्हणून या तर्काचे पुरस्कर्ते तो सातव्या प्रकरणातील खंडात बसवतात. एका ग्रंथाचा तुकडा दुसऱ्याच्या भगदाडात बसतो, एवढ्याने दोन्ही ग्रंथ एकच ठरत नाहीत, आणि हा आक्षेप व्याख्यानात जेमतेम एका वाक्यात उरकला आहे.

ख्रिस्ती लोक देश, भाषा किंवा चालीरीतींनी वेगळे नसतात, प्रत्येक परका देश त्यांना मायदेश आणि प्रत्येक मायदेश परका, हे सांगणारे पाचवे प्रकरण आणि त्यांना जगाचा आत्मा म्हणणारे सहावे, यांचे विवेचन मनापासून झाले आहे. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणांच्या वाट्याला मात्र काही मिनिटेच येतात. यहुद्यांचे यज्ञ, शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम यांची तेथे जी निव्वळ टवाळी आहे, ती पत्राच्या युक्तिवादाचाच भाग आहे. तिला वळसा घालून पाचव्या प्रकरणाकडे धावणे अभ्यासाच्या शिस्तीत बसत नाही. नव्या आवृत्तीत क्वाद्रातुसचे व्याख्यान निम्म्यावर आणून तो वेळ या दोन प्रकरणांना द्यावा.

ग्रीक न येणाऱ्यालाही, समोरासमोर छापलेल्या संहिता-अनुवादामुळे, पहिल्या विभागापासून पुढे जाता येते. व्याख्यानांच्या चित्रफितींखाली येणाऱ्या उपशीर्षकांत (सबटायटल्स) ग्रीक नावे वारंवार चुकलेली आहेत, तेव्हा ही उपशीर्षके बंद ठेवलेलीच बरी.