व्हॅक्युम की इंजेक्शन? खणांच्या ट्रेपुरतं बोलायचं तर

प्लास्टिकची बाटली, कॅन अशी पोकळ वस्तू असेल तर ब्लो मोल्डिंग (साच्यात हवा फुंकून), पाण्याची टाकी असेल तर रोटो (साचा फिरवत). तिथे निवडीला फारसा वाव नाही. ओढाताण होते ती उथळ, उघड्या वस्तूंची. त्या व्हॅक्युमनेही निघतात (गरम शीट साच्यावर ठेवून खालची हवा ओढायची) आणि इंजेक्शननेही (वितळलेलं प्लास्टिक बंद साच्यात दाबाने भरायचं). आम्ही भुलेश्वरच्या इमिटेशन ज्वेलरीवाल्यांना खणांचे ट्रे देतो, आणि ते दोन्ही पद्धतींनी काढून झालेत.

व्हॅक्युमची बाजू लंगडी नाही. साचा ॲल्युमिनियमचा, नमुन्यापुरता लाकडाचाही चालतो. गिऱ्हाइकाने ऐनवेळी दोन खण वाढवायला सांगितले तरी पोटात गोळा येत नाही. इंजेक्शनच्या स्टीलच्या डायला, म्हणजे साच्याला, लाखांत पैसे घालायचे आणि वर ती हातात येईपर्यंत वाट बघायची.

व्हॅक्युममध्ये शीट ताणली जाते, म्हणून खण जितका खोल तितका कोपरा पातळ. शिवाय जोर फक्त हवेच्या दाबाचा, चौरस सेंटिमीटरला जेमतेम १ किलो, त्यामुळे कडा गोलसर येतात. काहींना त्या आवडतातही.

माझं मन उडालं ते जाळीमुळे. ट्रे कापून घेतल्यावर शीटची जी जाळी उरते ती वजनाला किरकोळ आणि जागेला अफाट. साकीनाक्याच्या गाळ्यात फुटाफुटाचं भाडं भरायचं आणि तिथे ही रचायची? पॅसेजमध्ये लावली की सोसायटीचे सेक्रेटरी हजर. टेम्पोभर माल साठल्याशिवाय भंगारवाला धारावीहून येत नाही, पावसाळ्यात तर त्याची मनधरणी करावी लागते. शीटच्या भावाने घेतलेला माल भंगाराच्या भावाने जातो ते वेगळंच. इंजेक्शनमध्येही रनर (साच्याच्या वाटेत थिजलेलं प्लास्टिक) उरतो, पण तो शेजारच्या ग्राइंडरमध्ये दळून बेताने ताज्या दाण्यात मिसळता येतो. जाळीही दळता येते म्हणा, पण त्याची शीट आपण थोडीच काढतो?

इंजेक्शनचं मशीन मात्र घेऊ नये असं वाटतं. १० बाय ८ इंचांचा ट्रे म्हणजे ८० चौरस इंच. चौरस इंचाला २ ते ३ टन लॉकिंग (डाय बंद धरून ठेवायचा जोर) धरलं तरी १६० ते २४० टनांचं मशीन लागतं, ते आमच्या गाळ्यात कुठे मावणार? डाय आमची, काम वसईला जॉबवर, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर पैसे देऊन.

हजारभर नगांची एकदाच ऑर्डर असेल तर खुशाल व्हॅक्युम करा. तोच ट्रे वर्षानुवर्षं खपणार असेल तर मी तरी डायचेच पैसे बाजूला काढीन. फक्त डाय जॉबवाल्याकडे पाठवताना मालकी तुमची असल्याचं डिलिव्हरी चलनावर लिहून सही घ्या.