कॉन्ट्रास्ट की थरांचं रंगकाम? सोलापूरच्या हवेत सैन्य रंगवायचं तर

चाळीस पायदळ, आठ-दहा घोडेस्वार, एखादी तोफ. एवढं २८ मिमीच्या मिनिएचरचं, म्हणजे छोट्या पुतळ्यांचं, सैन्य चिकटवून तयार झालं की खरा प्रश्न समोर येतो. कॉन्ट्रास्ट, म्हणजे एकाच हातात खोबणीत गडद आणि उंचवट्यावर फिका दिसणारा पातळ, पारदर्शक रंग मारून मोकळं व्हायचं, की बेसकोट (मूळ रंगाचा हात), वॉश (खोबणीत सावली देणारा पातळ गडद रंग) आणि हायलाइट (उंचवट्यावरची फिकी छटा) असं थरांनी रंगवायचं? दोन्ही रस्ते चांगले आहेत आणि दोन्हींनी देखणी सैन्यं उभी राहतात. पण ज्यांच्या डोक्यावर फेब्रुवारी सरल्यापासून पंखा फिरतो, त्यांनी निवड करण्याआधी थोडा विचार करावा.

वेगात कॉन्ट्रास्टला तोड नाही. मिनिएचरच्या रंगांच्या सिटाडेल ब्रँडने २०१९ मध्ये हे रंग आणले, मग आर्मी पेंटर कंपनीचे त्याच जातीचे स्पीडपेंट आले. (स्पीडपेंटचा जुना साठा स्वस्तात मिळत असेल तर बाटलीवर २.० लिहिलंय का ते पाहून घ्या. पहिल्या आवृत्तीचा वाळलेला रंग वरून ओला ब्रश फिरला की पुन्हा सुटायचा.) माझ्या हाताला एक शिपाई कॉन्ट्रास्टने अर्ध्या-पाऊण तासात होतो, थरांनी दीड ते दोन तास लागतात. चाळीस शिपायांत हा फरक फार मोठा होतो, हे मान्यच करायला हवं.

अडचण येते ती रंग वाळण्याची. कॉन्ट्रास्टची सगळी करामत तो ओला असतानाच घडते. उंचवट्यावरून ओघळून खोबणीत साचायला त्याला वेळ हवा असतो. अंगरख्याची पाठ घ्या. खांद्यापासून सुरुवात करून ब्रश कमरेपर्यंत पोचेस्तोवर खांद्याजवळच्या रंगावर दुधासारखी साय धरलेली असते. तिथे पुन्हा ब्रश लागला की साय फाटते आणि खालचा पांढरा प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा हात) डोकावतो. नाही लावला, तर वाळल्यावर बशीत कपाचा उमटतो तसा गडद कडेचा डाग राहतो. ढाल, घोड्याचं पुठ्ठं, तोफेचं चाक अशा सपाट जागी तो हमखास दिसतो. पाणी घालून रंग लांबवायला जाऊ नये, त्याने रंग फुटतो आणि डबकी जास्त होतात. त्याचं मीडियम (रंग पातळ करायचं खास द्रव) किंवा थेंबभर रिटार्डर (रंग उशिरा वाळावा म्हणून घालायचं द्रव) घातला तर थोडा अवधी मिळतो, पण रिटार्डर जास्त झाला की रंग चिकट राहतो आणि धूळ धरतो. कूलरचा झोत दुसरीकडे वळवून खोलीत नुसता ओलावा राहू दिला तरी बरा फरक पडतो. मात्र मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्यावर पंखा बंद करून तासभर बसणं कुणालाच जमत नाही. माझ्यापुरता निर्णय या पंख्यानेच झाला.

डाग पडल्यावर दुरुस्तीही सोपी नाही. रंग पारदर्शक असल्याने चुकीवर तोच रंग फिरवून ती झाकता येत नाही. आधी तेवढा भाग पांढरा करा, वाळू द्या, मग पुन्हा कॉन्ट्रास्ट लावा, आणि तरी जोड दिसतोच.

थरांच्या कामातही रंग झपाट्याने वाळतो, पण तो पॅलेटवर. तिथलं वाळणं थांबवता येतं. घट्ट झाकणाचा चपटा डबा घ्या, तळाशी किचन टिश्यूच्या चार घड्या, वर बेकिंग पेपर, आणि रंग त्या कागदावर. पाणी इतकंच, की टिश्यू तुडुंब भिजेल पण कागदावर तरंगणार नाही. बोअरचं पाणी टाळा, त्यातल्या क्षारांचा पांढरट थर रंगात उतरतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी स्वस्त पडतं. झाकण लावून डबा फ्रिजमध्ये ठेवला तर मिसळलेली छटा दोन-तीन दिवस टिकते, म्हणजे पंधराव्या शिपायाचा फेटाही पहिल्यासारखाच होतो.

मिनिएचरवर मात्र हेच ऊन मदतीला येतं. दहाजणांची रांग लावून पातळ बेसकोट द्या. दहाव्यापर्यंत पोचता तोवर पहिला दुसऱ्या कोटाला तयार असतो. वॉशही पंख्याखाली डाग पाडतो, म्हणून तो अंगभर न ओतता फक्त चुण्यांत आणि पट्ट्याच्या कडेने टोकदार ब्रशने सोडावा. कुठे पसरलाच तर मूळ रंगाचा एक हात दिला की जागा साफ. पुढचं हायलाइट म्हणजे त्याच रंगात थोडा हस्तिदंती मिसळून खांदा, गुडघा आणि फेट्याच्या घड्यांवर ओढलेल्या रेघा.

प्रायमरचाही विचार करा. कॉन्ट्रास्टला फिका आणि गुळगुळीत प्रायमर लागतो. भर उन्हात स्प्रे मारला तर फवारा हवेतच सुकून पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो आणि कॉन्ट्रास्ट त्या प्रत्येक कणाभोवती ठिपका धरतो. स्प्रे मारायचाच तर सकाळी आठच्या आत, वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून, छोट्या फटकाऱ्यांनी. थरांच्या कामाला ब्रशने लावलेला काळा किंवा राखाडी प्रायमर चालतो, दोन पातळ हातांत. आणि एक खास आपल्या गावासाठी: ब्रश टेरी टॉवेलला पुसू नका, त्याचे धागे केसांत अडकून थेट शिपायाच्या चेहऱ्यावर जाऊन बसतात. जुन्या धोतराचा तुकडा उत्तम.

कॉन्ट्रास्ट टाकून द्या असं मी म्हणणार नाही. घोड्याची आयाळ, लोकर, चामड्याच्या म्यानी, दोरखंड, जिथे पृष्ठभाग बारीक आणि खडबडीत आहे तिथे तो आजही माझ्या टेबलावर असतो. तपकिरीच्या दोन बाटल्या पुरतात. दिवाळीनंतर सुरुवात करून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत सैन्य उभं करायचं असेल, तर थंडीत पंखा बंद असतो, तेव्हा कॉन्ट्रास्ट खुशाल निवडा. गुढीपाडव्याच्या पुढे सुरुवात करणार असाल, तर तेच पैसे सात-आठ साध्या रंगांत, एका तपकिरी वॉशमध्ये आणि चांगल्या टोकाच्या एका ब्रशमध्ये घाला. डबा स्वयंपाकघरात मिळेलच.