लूपवाला लगाम: पाचातला एक तारा हातमोज्याने खाल्ला

आधी हिशेब, कारण रिव्ह्यू वाचताना मी स्वतः तोच शोधते. चामड्याचा ड्रेसाजचा (घोडं ठरल्या चालीने चालवून दाखवायच्या खेळाचा) लगाम, गडद तपकिरी, दोन्ही बाजूंना पाच-पाच लूप (हात घालायच्या कड्या), माप देऊन शिवून घेतलेला. किंमत १४० पौंड, टपालखर्च वेगळा. वॉल्सॉलच्या एका छोट्या कारखान्यातून मागवला. वॉल्सॉल म्हणजे इंग्लंडातलं खोगीर-लगामाचं गाव. तिथल्या फुटबॉल क्लबलासुद्धा लोक ‘सॅडलर्स’, म्हणजे खोगीरवाले, म्हणतात. चौदा महिने झाले, आठवड्यातून दोनदा वापरते, आणि पाच स्पर्धाही ह्याच लगामावर झाल्या.

मी साताऱ्याची, पण एकोणीस वर्षं इंग्लंडातच, वुल्वरहॅम्प्टनात. एक्केचाळिसाव्या वर्षी स्ट्रोक आला आणि उजवी बाजू गेली. पाय बराचसा परतला, हात मात्र हट्टी निघाला. त्याचा हट्टही धड एका प्रकारचा नाही. सकाळी ताजा असतो तेव्हा बोटांत पकडच नसते, चहाचा कपसुद्धा निसटतो. अर्धा तास काम झालं की उलटं, मूठ आपोआप आवळते, अंगठा आत जातो आणि मग डाव्या हाताने एकेक बोट उलगडावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे सगळी भानगड ह्यावरच आहे.

ज्यांना पॅरा ड्रेसाज, म्हणजे अपंग स्वारांचं ड्रेसाज, माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिंगणाच्या कडेने अक्षरं लावलेली असतात. ठरलेल्या अक्षराशी ठरलेली चाल, ठरलेलं वर्तुळ, ठरलेलं थांबणं. प्रत्येक भागाला शून्य ते दहा गुण. घोड्यांचा हा एकच खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे, १९९६च्या अटलांटापासून. अपंगत्वानुसार पाच श्रेणी असतात. पहिलीत फक्त कदम चाल; माझी तिसरी, म्हणजे कदम चाल आणि दुडकी, रिंगण २० बाय ४० मीटरचं. पॅरालिम्पिकपर्यंत पोचणारे स्वार वेगळे, मी आपली गावपातळीवरची. पण गुणांचा कागद तोच, नियम तेच. आणि परीक्षक हात बघून दया दाखवत नाहीत, घोडं कसं चाललं ते बघतात.

घोडं म्हणजे मॉस. सतरा वर्षांची कॉब (बुटकी, दणकट) घोडी, ढेरपोटी, पाय मऊ केसांचे. ती माझी नाही, आमच्या अपंग स्वारांच्या ग्रुपची. रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन ही संस्था इथे १९६९पासून आहे, गावोगावी तिचे ग्रुप आहेत, त्यातलाच एक. मॉसला एक सवय आहे: दुडकीला लागल्यावर दहाव्या-बाराव्या पावलाला ती मान लांबवून जोरात फुरफुरते. साध्या लगामावर त्या एका फुरफुरीत माझ्या उजव्या हातातून दोन-तीन इंच चामडं सर्रकन निघून जायचं. डावा लगाम घट्ट, उजवा ढिला. मग तिचं तोंड डावीकडे, आणि सरळ रेषेत जायचं तर आम्ही दोघी तिरक्या. कागदावर एकाच स्पर्धेत तीन ठिकाणी तोच शेरा: ‘अनइव्हन कॉन्टॅक्ट’, म्हणजे दोन्ही लगामांचा ताण सारखा नाही. गुण साडेपाच, साडेपाच, पाच.

लूपने हे थांबलं. मुख्य लगामाच्या पट्टीवर चार-चार इंचांवर चामड्याच्या कड्या शिवलेल्या आहेत. हात कडीतून घातला की लगाम तळहातावर बसतो आणि ताण बोटांवर न येता हाताच्या कडेवर येतो. बोटांनी काही केलं नाही तरी चालतं. मॉस फुरफुरली की आता माझा कोपर पुढे जातो आणि तिच्या मानेबरोबरच परत येतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी चक्क हसले, कारण उजव्या हाताला घोड्याचं तोंड जाणवण्याची ती सहा वर्षांतली पहिलीच वेळ.

शिवण बघण्यासारखी आहे. टाके हाताने घातलेले, एकसारखे, आणि प्रत्येक कडीच्या दोन्ही टोकांना उलट फिरवून पक्के केलेले. चौदा महिन्यांत एकही उसवला नाही. कड्यांचं चामडं मुख्य पट्टीपेक्षा पातळ आहे, तरी सुरुवातीला पुठ्ठ्यासारखं होतं. दोन आठवडे तेल चोळल्यावर वळायला लागलं. घाम मात्र कड्यांच्या आतल्या बाजूला साचतो. जुना टूथब्रश लागतो.

लांबूनच आईचा फोन. फोटो पाहून म्हणाली, “अगं, ही तर हातकडी! घोडं उधळलं तर सुटणार कशी?”

आईने न बघता नेमकं बोट ठेवलं होतं. नियमही तेच सांगतो: स्वाराच्या मदतीचं कुठलंही साधन असं हवं की पडताना माणूस घोड्यापासून मोकळा झाला पाहिजे. म्हणून आमच्या शिकवणाऱ्या बाई दर तासाला एकदा अचानक ‘सोड!’ म्हणून ओरडतात आणि मी दोन्ही हात कड्यांतून काढून वर करायचे. मे महिन्यात लगाम आला तेव्हा हे झटक्यात जमायचं. जून, जुलै, काही प्रश्न नाही. नोव्हेंबरात थंडी सुरू झाली, मी जाड हातमोजे घातले, चाळीस मिनिटं घोड्यावर झाली आणि बाई ओरडल्या. डावा हात वर. उजवा तिथेच. मूठ आवळलेली, अंगठा आत, वर हातमोजा, आणि ती कडी मनगट सोडायला तयार नाही. मॉस उभी होती, मदतनीसाने तिला धरलेलं होतं, म्हणून काही झालं नाही. पण ती पाच-सहा सेकंद मी विसरलेली नाही.

कारखान्याला लिहिलं. उत्तर नम्र होतं: तुम्ही पाठवलेल्या मापानुसारच शिवलं आहे. खरंच आहे, माप मीच पाठवलं होतं, मेमध्ये, सकाळी दहाला, उघडा हात टेबलावर सपाट ठेवून. पण त्यांच्या फॉर्मवर फक्त ‘हाताची रुंदी’ एवढंच विचारलेलं. कुठला हात, किती वाजता, हातमोजा आहे की नाही, काही नाही. अपंग स्वारांसाठी म्हणून वस्तू विकता, तर आमचा हात दिवसभर एकच नसतो एवढं ठाऊक असायला नको? उजव्या बाजूच्या कड्या मोठ्या करून द्यायला ३८ पौंड घेतले आणि पाच आठवडे लावले. तारा तिथे गेला.

दुसरी कुरकुर छोटी. बिटच्या (घोड्याच्या तोंडातल्या दांडीच्या) कडीत लगाम अडकवायची टोकं आतून बटणाची आहेत. दिसायला सुबक, पण एका हाताने लावायची म्हणजे डावा हात आणि दात. ग्लिसरीन साबणाची चव आता मला चांगली ओळखीची आहे. साधं बक्कल सोपं गेलं असतं.

घ्यायचा असेल तर आणखी एक. स्पर्धेत हा लगाम तसाच चालत नाही. क्लासिफिकेशनच्या (श्रेणी ठरवण्याच्या) वेळी तुमची ताकद, तोल, सांध्यांची हालचाल तपासतात आणि कुठली साधनं चालतील ती नोंदवतात. त्या नोंदीत लूप लगाम नसेल तर आधी ते करून घ्या, मग पैसे खर्चा. माझ्या नोंदीत परीक्षकांना करायचा सलामही आहे: बाकीचे एका हातात लगाम घेऊन दुसरा हात खाली सोडतात, मी नुसती मान झुकवते.

भारतातून दोघींनी विचारलं होतं, इथून मागवू का म्हणून. टपाल आणि जकात धरून किंमत डोक्यावरून जाईल. कानपुरात खोगीर-लगामाचा मोठा धंदा आहे, मापाचं काम तिथे करून मिळतं का ते आधी विचारा. फक्त कडीचं माप माझ्यासारखं पाठवू नका.

दुसऱ्या खेपेला मी कागदावर हाताच्या दोन आकृत्या काढून पाठवल्या होत्या. एक सकाळची, बोटं पसरलेली. दुसरी तबेल्यातच, घोड्यावरून उतरल्या उतरल्या, हातमोजा घालून, मुठीभोवती पेन्सिल फिरवून. पेन्सिल बाईंनी धरली होती. चार दिवसांनी कारखान्यातून एका बाईंचा फोन आला. आवाज जरा गोंधळलेला. कागद दोन वेगळ्या ग्राहकांचे एकत्र आलेत का, असं त्या विचारत होत्या. म्हटलं, नाही हो, एकच हात आहे, मध्ये फक्त तासभर गेलाय. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, हे फॉर्मवर घालायला हवं.

कड्या आता बरोबर आहेत. ‘सोड!’ म्हटलं की हात सुटतो, हातमोज्यासकट. फॉर्म परवा पुन्हा उघडून पाहिला. अजून ‘हाताची रुंदी’ एवढंच आहे.