मेकअपचे ब्रश आणि स्पंज धुण्याची साधने : बोअरच्या पाण्यावर केलेली पारख

मेकअपचे ब्रश आणि स्पंज स्वच्छ करण्यासाठी आज बाजारात चार प्रकारची साधने सहज मिळतात : उंचवटे असलेली सिलिकॉनची चटई, डबीत बसवलेला घट्ट साबण, ब्रश गरगर फिरवणारे बॅटरीचे यंत्र आणि फवारून पुसायचे अल्कोहोलयुक्त द्रावण. लातूरमध्ये नववधूंचा मेकअप करण्याच्या व्यवसायात ही चारही साधने माझ्या हाताखालून गेली आहेत. चटई आणि सौम्य शाम्पू यांवर माझे बहुतेक काम चालते, घट्ट साबण मी केवळ स्पंजासाठी ठेवला आहे, द्रावण दोन चेहऱ्यांच्या मधल्या वेळेपुरते वापरते आणि यंत्र कोणी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र या साऱ्यांपेक्षा ब्रशचे आयुष्य ठरवणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत. एक म्हणजे ब्रश कोणत्या पाण्यात खळबळला जातो आणि दुसरी म्हणजे तो कसा वाळवला जातो. साधनांच्या जाहिरातींत या दोहोंचा उल्लेख क्वचितच आढळतो.

स्वच्छतेचा आग्रह वाजवीपेक्षा अधिक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ब्रिटनमधील ॲस्टन विद्यापीठाचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास लक्षात घ्यावा. लोकांनी वापरलेली लिपस्टिक, आयलायनर, मस्कारा आणि अंड्याच्या आकाराचे स्पंज अशी एकूण ४६७ प्रसाधने त्यात तपासली गेली. त्यांपैकी बहुसंख्य वस्तूंवर जिवाणू सापडले आणि सर्वांत वाईट स्थिती स्पंजांची होती. तपासलेल्या स्पंजांपैकी ९३ टक्के एकदाही धुतले गेले नव्हते आणि ६४ टक्के कधी ना कधी जमिनीवर पडलेले असूनही वापरात होते. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था दर सात ते दहा दिवसांनी ब्रश धुण्याचा सल्ला देते, परंतु तो स्वतःच्याच चेहऱ्यासाठी ब्रश वापरणाऱ्यांना आहे. ज्या घरी वधू, करवली, दोन्हीकडच्या आया आणि मावश्या एकामागून एक खुर्चीत बसतात, तेथे एका चेहऱ्याचा ब्रश तसाच दुसऱ्या चेहऱ्याला लावणे मला मान्य नाही. म्हणून मी ब्रशांचे तीन स्वतंत्र संच बाळगते आणि तिन्ही संच त्याच रात्री धुते.

धुण्याचा विचार ब्रशच्या रचनेपासून सुरू करावा लागतो. दांडा बहुधा लाकडाचा असतो, त्यावर धातूची नळी बसवलेली असते आणि केसांचा झुबका त्या नळीत गोंदाने पक्का केलेला असतो. या नळीला आम्ही फेरूल म्हणतो. पाणी फेरूलमध्ये शिरले की गोंद सैल पडतो, आतले लाकूड फुगते, नळी डुगडुगू लागते आणि केस गळतात. त्यामुळे ब्रश उभा बुडवणारी किंवा पाणी वर चढवणारी प्रत्येक पद्धत त्याचे आयुष्य कमी करते. केसांची टोके खाली आणि दांडा वर, ही एकच स्थिती धुण्याच्या सुरुवातीपासून वाळेपर्यंत सांभाळावी लागते.

सिलिकॉनची चटई या कसोटीला उत्तम उतरते. तिच्यावरील बारीक आणि जाड उंचवट्यांवर ओला ब्रश गोलाकार फिरवला की दाट केसांच्या मुळाशी साचलेले फाउंडेशन सुटते, जे तळहातावर घासून पूर्णपणे कधीच निघत नाही. आयशॅडोच्या बारीक ब्रशांसाठी मात्र तळहात पुरेसा आहे, किंबहुना अधिक चांगला आहे, कारण दाब किती पडतो आहे ते हाताला कळते. चटईच्या मागील चोषक वाट्या गुळगुळीत सिंकला घट्ट धरतात, पण खडबडीत कडप्प्यावर त्या सुटतात. मी चटई स्टीलच्या ताटात चिकटवते आणि ताट मांडीवर घेऊन बसते, त्यामुळे पाणीही मोजकेच लागते. महाग आणि स्वस्त चटयांत मला कामाचा फरक आढळला नाही. उंचवटे लवचीक आहेत की टोचणारे, एवढे बोट फिरवून पाहावे आणि टोचणारी चटई घेऊ नये.

आता पाण्याविषयी. आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे आणि मराठवाड्यातील व विदर्भातील अनेक घरांची स्थिती याहून वेगळी नाही. या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साध्या साबणाशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तोच साका बादलीच्या कडेला पांढरट दिसतो आणि तोच ब्रशच्या केसांवरही बसतो. साबणाने दोनदा धुतलेला ब्रश वाळल्यावर राठ का लागतो आणि गालावर लाली पसरवण्याऐवजी तिचे डाग का पाडतो, याचे कारण बहुतेक वेळा अपुरी धुलाई नसते, हा साका असतो. शाम्पूतील स्वच्छक घटक जड पाण्यातही असा साका करत नाहीत. त्यामुळे ब्रशसाठी खास म्हणून विकल्या जाणाऱ्या साबणापेक्षा रंग आणि तेले नसलेला साधा सौम्य शाम्पू आमच्या पाण्यावर निश्चितपणे सरस ठरतो. कंडिशनरयुक्त शाम्पू टाळावा, कारण त्याचा थर केसांवर राहतो आणि पावडर नीट उचलली जात नाही. शेवटचे खळबळणे मी पिण्याच्या शुद्ध केलेल्या पाण्यात करते. त्यासाठी एक पेला पुरतो आणि फरक दुसऱ्याच दिवशी हाताला जाणवतो.

पाण्याच्या बचतीविषयीही येथेच सांगितले पाहिजे. परदेशी मार्गदर्शनात सर्वत्र वाहत्या नळाखाली ब्रश धरायला सांगतात. ज्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हे शिकवणे मला योग्य वाटत नाही. तीन वाट्यांत थोडे थोडे पाणी घेऊन एकीतून दुसरीत असे ब्रश खळबळले, पहिली वाटी गढूळ होताच ओतून दिली आणि तिसरी नितळ राहीपर्यंत क्रम चालू ठेवला, तर तांब्याभर पाण्यात बरेच ब्रश निघतात. दोन बोटांनी केस वरून टोकाकडे निपटत गेले म्हणजे फेस लवकर सुटतो.

दिवसभर टिकणारे आणि घामाने न उतरणारे फाउंडेशन मात्र नुसत्या शाम्पूला दाद देत नाही, कारण त्यात सिलिकॉन, मेण आणि तेले असतात. अशा ब्रशच्या टोकांना शाम्पूआधी खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब लावून चटईवर हलके फिरवावे, रंग सुटला की कागदाने टिपून घ्यावा आणि मगच शाम्पू वापरावा. उलट क्रमाने केल्यास तेल केसांतच राहते.

नैसर्गिक केसांचे ब्रश वेगळ्या वागणुकीचे हक्कदार आहेत. शेळीच्या किंवा खारीच्या केसांवर आपल्या केसांप्रमाणेच सूक्ष्म खवले असतात, त्यांत पावडर अडकते आणि म्हणूनच ती इतकी सारखी पसरते. साबणाच्या अल्कधर्मी पाण्याने हे खवले उघडतात आणि केस निस्तेज होतात. जपानमधील हिरोशिमाजवळचे कुमानो हे गाव ब्रशनिर्मितीसाठी ओळखले जाते. २०११ साली विश्वचषक जिंकलेल्या जपानच्या महिला फुटबॉल संघाला सरकारी सन्मानासोबत कुमानोचे मेकअप ब्रश भेट देण्यात आले होते, इतके त्या कारागिरीचे मोल तेथे मानले जाते. अशा ब्रशला प्रत्येक वापरानंतर मऊ कापडावर झटकून पुसणे हीच त्याची नित्याची निगा, आणि पूर्ण धुलाई अगदी आवश्यक असेल तेव्हाच. क्रीम किंवा द्रव प्रसाधनासाठी त्यांचा वापर करूच नये, त्यासाठी कृत्रिम तंतूंचे ब्रश आहेत आणि ते वारंवार धुलाईही सहन करतात.

बॅटरीच्या यंत्राविषयी मी अधिक लिहिणार नाही, कारण त्यात लिहिण्याजोगे थोडेच आहे. दांड्याला रबरी कडे बसवायचे, ब्रश शाम्पूच्या पाण्यात फिरवायचा आणि मग पाण्याबाहेर उचलून हवेत फिरवून वाळवायचा, अशी त्याची रीत. वेगाने फिरताना केस छत्रीसारखे उघडतात, पाणी थेट फेरूलपर्यंत चढते आणि मऊ ब्रशचा घाट कायमचा बिघडतो. तिरप्या कापाचे आणि चपटे ब्रश त्यात नीट फिरत नाहीत. माझ्या यंत्राने गालाच्या एका चांगल्या ब्रशचे केस विस्कटले, ते पुन्हा जागेवर आले नाहीत. वेळ वाचतो हे खरे, परंतु ब्रश त्यात वाळत नाही, केवळ निथळतो.

फवारणीच्या द्रावणाकडून काय अपेक्षा ठेवायची हे समजून घेतले तर ते उपयोगी आहे. पाणी मिसळलेले सुमारे ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल जंतूंवर जवळजवळ शुद्ध अल्कोहोलपेक्षा अधिक परिणामकारक असते, कारण जंतूंमधील प्रथिने मोडण्यासाठी पाण्याचीही गरज असते आणि शुद्ध अल्कोहोल लवकर उडूनही जाते. ब्रशच्या टोकांवर फवारून, स्वच्छ कागदावर रंग येणे थांबेपर्यंत पुसून आणि पूर्ण वाळू देऊन मी तो दुसऱ्या चेहऱ्यासाठी वापरते. तथापि केसांच्या मुळाशी बसलेला तेलकट थर या उपायाने जात नाही आणि त्या थराखालील जंतूंपर्यंत अल्कोहोल पोहोचत नाही. म्हणून ही धुलाई नव्हे. नैसर्गिक केस त्याने कोरडे पडतात, दांड्याचे पॉलिश उडते, आणि तापलेल्या कर्लिंग रॉडशेजारी किंवा समईजवळ ते फवारणे सरळसरळ धोक्याचे आहे. डोळ्यांच्या ब्रशवर तर ते पूर्ण उडून गेल्याची खात्री झाल्याशिवाय ब्रश पापणीला लावू नये.

स्पंजाचा प्रश्न ब्रशपेक्षा अवघड आहे. कडा नसलेला अंडाकृती स्पंज लॉस एंजेलिसच्या रंगभूषाकार री ॲन सिल्व्हा यांनी कॅमेऱ्यासमोरच्या कामाच्या गरजेतून घडवला. हाय-डेफिनिशन कॅमेऱ्यात फाउंडेशनची प्रत्येक रेघ दिसू लागली होती आणि कडा नसल्यामुळे ती रेघ उमटत नाही. तो ओला करून वापरायचा असतो, आणि ओलसरपणा, त्वचेचे तेल व बारीक छिद्रे हे तिन्ही एकत्र आले की जंतूंना आणखी काही लागत नाही. येथे घट्ट साबण आपली किंमत वसूल करून देतो. ओला स्पंज त्यावर घासला की साबण नेमक्या डागावर बसतो, मग मुठीत दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. पिळायचा मात्र नाही, कारण पिळल्याने तो आतून फाटतो. नखाने डाग खरवडल्यासही तेच होते. जड पाण्याचा साका येथेही बसतो, म्हणून शेवटी शुद्ध पाण्यात तीन-चार वेळा दाबून काढणे अपरिहार्य आहे. मायक्रोवेव्हमध्ये स्पंज तापवण्याचा उपाय अनेक जणी सुचवतात. कोरडा राहिलेला स्पंज त्यात पेट घेऊ शकतो आणि उष्णतेने त्याची लवचीकता जाते, म्हणून मी तो सुचवत नाही. व्यवसायात मी प्रत्येक वधूसाठी नवा स्पंज काढते आणि काम झाल्यावर तिलाच देते, हा खर्च मी शुल्कातच धरलेला असतो.

वाळवण्यात सर्वाधिक ब्रश वाया जातात. ओला ब्रश पेल्यात उभा ठेवला की पाणी उतरून फेरूलमध्येच जाते. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर दांडे टेकवावेत, म्हणजे केसांचा भाग खाली झुकतो. ब्रश उलटे टांगायचे स्टँड मिळतात, ते चांगले असले तरी या गुंडाळीहून अधिक काही साधत नाहीत. ओल्या केसांना बोटांनी आकार देऊन त्यावर जाळीची नळी चढवली तर ब्रश फुलत नाही, आणि ती नळी खरोखर घेण्यासारखी आहे. हेअर ड्रायरच्या उष्ण हवेने गोंद मऊ होतो, उन्हाने रंगवलेले केस विटतात, म्हणून सावलीत पंख्याखाली ठेवावे. लातूरच्या कोरड्या हवेत रात्री धुतलेले ब्रश सकाळी तयार असतात. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात मात्र दाट ब्रश दुसऱ्या दिवशीही मुळाशी ओले राहतात. रत्नागिरीच्या माझ्या एका विद्यार्थिनीला मी त्या दिवसांत दाट ब्रश सलग दोन दिवसांच्या कामाला न नेण्यास सांगितले आहे. बाहेरून कोरडा वाटणारा ब्रश कोरड्या कागदावर दाबून पाहावा. कागद ओलसर झाला तर तो पेटीत बंद करू नये, आणि स्पंज तर झाकण असलेल्या प्लास्टिकच्या डबीत ओला कधीच ठेवू नये, आत बुरशी धरते आणि ती पृष्ठभागावर दिसण्याआधी खोलवर पसरलेली असते.

टाकून देण्याचे निकष मी कठोर ठेवले आहेत. धुऊन वाळल्यावरही वास येणारा, चीर पडलेला किंवा काळे ठिपके दिसणारा स्पंज त्याच क्षणी जातो, आणि घरी एकटीने वापरलेला स्पंजही साधारण तीन महिन्यांनी बदलावा. डोळे आलेल्या व्यक्तीसाठी चुकून वापरला गेलेला डोळ्यांचा ब्रश मी धुऊन परत पेटीत ठेवत नाही, तो कितीही महाग असला तरी.