तंत्रज्ञान प्रदर्शन: विद्यार्थ्यांच्या दालनासाठी तरी जाच

स्थानिक उद्योगांच्या स्टॉलवर माहितीपत्रकं भरपूर, चालू यंत्रं मोजकीच. खरा जीव होता विद्यार्थ्यांच्या दालनात. एका मुलीने मातीतला ओलावा मोजणारं यंत्र मांडलं होतं. शेजारीच तिचा पहिला, फसलेला सेन्सर: दोन उघड्या पट्ट्या, हिरवट पडलेल्या, कडा कुरतडल्यासारख्या. ओल्या मातीतून वीज वाहिली की विद्युत अपघटनाने, म्हणजे विजेमुळे होणाऱ्या रासायनिक बदलाने, धातू झिजतो आणि आकडे चुकायला लागतात. म्हणून तिने कपॅसिटिव्ह सेन्सर घेतला, म्हणजे माती किती विद्युतभार साठवू देते यावरून ओलावा ओळखणारा. त्यात धातू मातीला लागतच नाही. चूक झाकून न ठेवता समोर मांडली, हे मला फार भावलं. गोंगाट मात्र इतका, की बिचारीला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागत होतं. आयोजकांनी या मुलांना शांत कोपरा द्यायलाच हवा. जाणार असाल तर सकाळीच जा, मुलं दमायच्या आत.