डायलिसिसवर असताना पाळीत खूप जातंय: गोळी, इंजेक्शन, हार्मोनची कॉइल की पिशवीच काढायची?

डायलिसिस सुरू झालं की काहीजणींची पाळी गायबच होते आणि काहीजणींना उलट पंधरा पंधरा दिवस अंगावरून जात राहतं, गाठी पडतात, आणि गंमत म्हणजे दोन्हीचं मूळ एकच असतं. किडनी निकामी झाली की मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारा दर महिन्याचा सिग्नल बिघडतो, प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित मेंदूतलं हार्मोन) वाढतं, अंडं वेळेवर सुटत नाही. अंडं सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन बनत नाही, मग पिशवीचं अस्तर नुसत्या इस्ट्रोजेनवर वाढत राहतं आणि कधीतरी कसंही, कितीही बाहेर पडतं. इस्ट्रोजेनच फार कमी झालं तर अस्तर बनतच नाही आणि पाळी बंद. त्यात प्लेटलेट्सचा आकडा रिपोर्टमध्ये नॉर्मल दिसला तरी रक्तात साठलेल्या घाणीमुळे त्या नीट काम करत नाहीत, आणि वरून हिमोडायलिसिसला, म्हणजे मशीनवर रक्त गाळताना, ते गोठू नये म्हणून दिलेलं हेपरिन.

मला कळकळीने सांगावंसं वाटतं ते हे, की "बायकांना हे चालायचंच" म्हणून सोडून देऊ नका. हिमोग्लोबिन आधीच कमी, ईपीओचं (रक्त वाढवायचं) इंजेक्शन घेऊन जे थोडंफार वर आणलं ते चार दिवसांत वाहून जातं आणि मग रक्त चढवायची वेळ येते. चढवलेल्या प्रत्येक रक्ताबरोबर शरीरात परक्या पेशींविरुद्ध अँटीबॉडीज तयार होण्याची शक्यता असते, आणि त्या वाढल्या की पुढे ट्रान्सप्लांटसाठी जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. म्हणून मी प्रत्येक पर्यायाला आधी हेच विचारते की यात रक्त किती वाचेल आणि पुढचे रस्ते किती उघडे राहतील.

निवडीआधी दोन गोष्टी उरकून घ्या. एक म्हणजे तपासण्या: सोनोग्राफी, थायरॉईड, आणि वय पंचेचाळीसच्या पुढे असेल किंवा महिनोन् महिने पाळीचा पत्ताच नव्हता आणि आता एकदम जातंय तर अस्तराचा तुकडा काढून तपासणी. प्रेग्नन्सी नाही ना हेही बघायचं, आणि इथे एक घोळ आहे, लघवी होतच नसेल तर घरची टेस्ट करणार कशी, आणि रक्तातली बीटा एचसीजी (प्रेग्नन्सीचं हार्मोन) डायलिसिसवरच्या बायकांत प्रेग्नन्सी नसतानाही थोडी वाढलेली येऊ शकते, त्यामुळे एका रिपोर्टवर घाबरून जाऊ नका, पुन्हा करून सोनोग्राफीशी जुळवतात. दुसरी गोष्ट हेपरिनची. पाळी जोरात असेल त्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधीच सांगायचं, "आज अंगावरून जास्त जातंय, हेपरिन कमी करता येईल का?" डॉक्टरांना विचारून ते कमी करतात किंवा हेपरिनशिवाय मधे मधे सलाईन फ्लश करत डायलिसिस चालवतात. मशीनवर पुरुष टेक्निशियन असतो म्हणून कित्येकजणी गप्प बसतात आणि पूर्ण डोस घेऊन घरी जातात. कृपा करून असं करू नका, लाज वाटली तर चिठ्ठीवर लिहून द्या.

आता गोळ्या. मेडिकलमध्ये जाऊन "जास्त जातंय, काहीतरी द्या" म्हटलं की बऱ्याचदा मेफेनामिक आणि ट्रानेक्झामिक ॲसिड एकत्र असलेली गोळी हातात पडते. नॉर्मल किडनीवाल्या बहिणीला ती लागू पडते, आपल्याला दोन्ही भाग अडचणीचे. मेफेनामिक पेनकिलर आहे, थोडीफार लघवी होत असेल तर तीही जाऊ शकते, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ट्रानेक्झामिक किडनीतूनच बाहेर पडतं, किडनी चालत नसली की साठतं आणि झटके येऊ शकतात. डॉक्टरांनी स्वतः डोस खूप कमी करून दिलं तर वेगळी गोष्ट, स्वतःहून अजिबात नाही.

हार्मोनच्या गोळ्यांत दोन जाती. इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पाळी रेग्युलर होते हे खरं, पण बीपी वाढतं, रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो, आणि फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला हातात जोडून बनवलेली रक्तवाहिनी) बंद पडला तर काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. बीपी जास्त असेल, ल्युपस असेल किंवा आधी गुठळी झाली असेल तर हा पर्याय सोडूनच द्या. दुसऱ्या नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या, म्हणजे नॉरएथिस्टेरॉन किंवा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. जोरात जाणारं आत्ता थांबवायचं असेल तर या कामाच्या, पण तो तात्पुरता बांध आहे, गोळी बंद केली की पुन्हा जातंच. रोज इतक्या गोळ्या घेत असताना आणखी एक वेळेवर घेणं किती जमेल याचाही विचार करा. ड्रोस्पायरेनोन हे नाव मात्र लक्षात ठेवा, ते असलेली कुठलीही गोळी नको, कारण त्याने पोटॅशियम वाढतं आणि आपल्याला त्याचीच सगळ्यात जास्त भीती.

रोजच्या गोळीची कटकट नको म्हणून मग दर तीन महिन्यांचं हार्मोनचं इंजेक्शन की पिशवीत बसवायची हार्मोनची कॉइल, असा प्रश्न येतो, आणि खरी तुलना इथेच आहे. इंजेक्शन सोपं वाटतं, टोचलं की तीन महिने बघायला नको. पण त्याने हाडांची घनता कमी होते आणि डायलिसिसवर फॉस्फरस-पॅराथायरॉईडच्या भानगडीत हाडं आधीच कमजोर असतात. वजनही वाढू शकतं, आणि मग वाढलंय ते पाणी की चरबी हे ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं खरं वजन) ठरवताना कळत नाही. एकदा घेतल्यावर काही त्रास झाला तर काढून टाकता येत नाही, आणि थांबवल्यावर अंडं सुटायला कित्येक महिने लागू शकतात. कॉइलमधलं हार्मोन जवळजवळ सगळं पिशवीतच काम करतं, रक्तात फार कमी जातं, बीपीला आणि हाडांना फारसा धक्का नाही, पाच वर्षं सहज चालते आणि मूल हवं झालं की काढता येते. पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग पडत राहतात आणि तिथेच बऱ्याचजणी कंटाळून काढून घेतात, पण तेवढा काळ निभावला की रक्त जाणं खूपच कमी होतं, काहींची पाळी जवळजवळ थांबते, आणि त्याने काही बिघडत नाही, अस्तर पातळच राहतं. माझं मत विचाराल तर बहुतेकींसाठी कॉइलच. फक्त साधी कॉपर टी आणि ही एक समजू नका, कॉपर टीने पाळी उलट वाढते.

कॉइल बसवतानाही बघायचं असतं. ती हेपरिनच्या दिवशी नको. पोटाचं डायलिसिस (पोटात पाणी भरून आणि काढून करतात ते) असेल तर आधी पोटातलं पाणी पूर्ण काढून अँटीबायोटिक घेऊनच, नाहीतर पेरिटोनायटिसची, म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्याला इन्फेक्शन व्हायची भीती. (पोटाच्या डायलिसिसवाल्यांना पाळीच्या वेळी बाहेर काढलेल्या पाण्याच्या पिशवीत लालसर पाणी आलेलं दिसतं, ते बहुतेकदा पाळीचंच असतं, पण युनिटला कळवायचंच.) दंडात बसवायचं हार्मोनचं इम्प्लांटही मिळतं, तीन वर्षं चालतं, पण डाग कधी पडतील याचा नेम नसतो आणि ते साधारणपणे आपण कमी वापरतो त्या हातात बसवतात, म्हणजे नेमका फिस्टुलाचा हात! दुसऱ्या हातात बसवायला सांगा.

ऑपरेशनचं थोडक्यात. अस्तर जाळून टाकायची प्रोसिजर छोटी असते, पण त्यानंतर प्रेग्नन्सी राहिली तर धोक्याची, म्हणून मूल हवं असेल तर नाहीच, आणि नको असेल तरी गर्भनिरोधक लागतंच. पिशवी काढली की पाळीचा प्रश्न कायमचा संपतो, पण डायलिसिसवर मोठं ऑपरेशन म्हणजे भूल, रक्तस्राव, इन्फेक्शन, आणि रक्त लागलं तर परत अँटीबॉडीजचा तोच फेरा. पिशवीत मोठ्या गाठी असतील, अस्तराच्या तपासणीत काही वाईट निघालं असेल किंवा बाकी सगळं करून थकलात तर ठीक, नुसतं "एकदाचं काढून टाका" म्हणून नको.

पाळीच बंद असलेल्यांनी प्रोलॅक्टिनचा रिपोर्ट बघून लगेच गोळ्या सुरू करू नयेत, डायलिसिसवर ते थोडं वाढलेलं असतंच, आणि मळमळीसाठी डॉमपेरिडोन किंवा मेटोक्लोप्रामाइड चालू असेल तर आणखी वाढतं, ते आधी डॉक्टरांना सांगा. डोकेदुखी, नजर अंधुक होणं असं काही असेल तर मात्र पुढची तपासणी हवी. आणि पाळी नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं धरून चालू नका.

ट्रान्सप्लांट जवळ आलं असेल तर हा सगळा हिशोब बदलतो. नवीन किडनी चालू झाली की अंडं सुटणं काही आठवड्यांत परत सुरू होऊ शकतं, म्हणजे पाळी दिसायच्या आधीच दिवस राहू शकतात. मायकोफेनोलेट (शरीराने नवीन किडनी नाकारू नये म्हणून द्यायची गोळी) चालू असताना गर्भ राहिला तर बाळात व्यंग यायचा आणि गर्भपाताचा धोका मोठा आहे, ते बंद करून किमान सहा आठवडे गेल्याशिवाय प्रयत्नही करायचा नाही, आणि एरवीही वर्षभर तरी थांबायला सांगतात. कॉइल बसवलेली असेल तर ट्रान्सप्लांटनंतरही ती तशीच ठेवता येते, इम्युनिटी कमी करायच्या गोळ्यांमुळे काढावी लागत नाही. त्यामुळे तारीख ठरायच्या आधीच गायनॅक आणि नेफ्रॉलॉजिस्ट दोघांना एकमेकांशी बोलायला लावा, एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवा, आणि गायनॅककडे गेल्यावर पहिलं वाक्य "मी डायलिसिसवर आहे" हेच असू द्या.