नरडाण्याजवळचा दोन गुंठ्यांचा प्लॉट

मे 2024 अखेर मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. अमळनेरला स्वतःचं घर आहे, मुलगी नाशिकला नोकरीला आहे, पेन्शन सुरू झाली. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अंशराशीकरणाची (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याची) रक्कम खात्यावर आली तेव्हा ती कुठे ठेवायची, एवढाच प्रश्न होता. खानदेशात या प्रश्नाला जुनी जखम आहे. आमच्या पिढीतल्या कितीतरी लोकांच्या ठेवी पतसंस्थांमध्ये बुडाल्या. माझ्या थोरल्या भावाच्या पावत्या अजून ट्रंकेत आहेत. त्या अनुभवातून आमच्याकडे एक समजूत पक्की झाली, की पैसा जमिनीत घालावा. "जमीन कोठे पयी जाई?" (जमीन कुठे पळून जाईल?) हे अहिराणी वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. जो माणूस मला फसवणार होता, त्याला हे वाक्य माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

सप्टेंबर 2024 मध्ये मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. 309 किलोमीटरचा मार्ग, 18,036 कोटींचा खर्च. मालेगाव, धुळे, शिरपूर या पट्ट्यात दुसरा विषय नव्हता. धुळे–नरडाणा मार्गाची पायाभरणी फेब्रुवारी 2019 मध्येच झाली होती. नरडाण्याला एमआयडीसी आहे, मुंबई–आग्रा महामार्ग आहे. बातमी खरी होती, नकाशा खरा होता.

दसऱ्याला माझा एक जुना विद्यार्थी आपट्याची पानं घेऊन घरी आला. वाकून नमस्कार केला, "सोनं घ्या सर" म्हणाला. चहा झाल्यावर त्याने पिशवीतून गुळगुळीत कागदाची पुस्तिका काढली. नरडाण्याजवळ 84 प्लॉटांची योजना, दोन गुंठे म्हणजे 2178 चौरस फूट, दर 350 रुपये. एकूण साधारण 7 लाख 62 हजार. त्यातले 6 लाख आधी भरणाऱ्याला खरेदीखत होईपर्यंत दरमहा दीड टक्का परतावा. तीन वर्षांनी प्लॉट नको असेल तर कंपनी दुप्पट भावाने परत घेणार. "सर, व्याजदर उतरणार आहेत. एकदा उतरले की हा दर राहणार नाही," असंही तो म्हणाला.

पुढच्या रविवारी धुळ्याहून गाडी करून आम्हाला जागेवर नेलं. लोखंडी कमान, चुन्याच्या रेघा, खांबांवर प्लॉटचे आकडे, एका कोपऱ्यात मुरमाचा रस्ता. नारळ फोडला, शेवभाजी-भाकरीचं जेवण झालं. माझ्या हाताने 37 क्रमांकाच्या खांबाला हार घालायला लावला. आता वाटतं, त्या दिवशी त्या शेताचा सातबारा मागणारा आमच्यात एकही जण नव्हता. मीही नव्हतो, आणि मी आयुष्यभर मुलांना 'प्रश्न विचारा' असं सांगत आलो.

बँकेने मला सावध केलं होतं, हे इथे नोंदवायलाच हवं. सगळी रक्कम मोडायला नको म्हणून मी प्लॉटसाठी कर्ज मागायला गेलो. व्यवस्थापकांनी कागद पाहिले आणि विचारलं, "बिनशेतीचा आदेश कुठे आहे? नगररचनेने मंजूर केलेला लेआउट कुठे आहे?" दोन्ही नव्हते. "सर, आमचे वकील यावर सही करणार नाहीत," ते शांतपणे म्हणाले. मी ते माझ्या विद्यार्थ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बँकांना गावाकडची जमीन कळत नाही. मी त्याचं ऐकलं. जो कागद बँकेला तारण म्हणून चालत नाही, तो आपल्यालाही चालायला नको, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही. बँकेचा नकार म्हणजे फुकट मिळालेला वकिलाचा सल्ला असतो.

मुदत ठेव मोडली. 4 लाख धनादेशाने दिले, 2 लाख रोखीने. स्थावराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, हे मला फार उशिरा कळलं. 500 रुपयांच्या मुद्रांकावर सौदापावती झाली, नोटरीचा शिक्का बसला. दस्तनोंदणीसाठी दुय्यम निबंधकाकडे का जात नाही, असं मी एकदा विचारलं. उत्तर आलं, "लेआउट मंजूर झाला की सगळ्यांची खरेदीखतं एकत्र करू." खरं कारण वेगळं होतं. सातबारा शेतीचा असताना दोन गुंठ्यांचा तुकडा, शेतजमिनीचे फार लहान तुकडे करायला बंदी घालणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे, तेव्हा नोंदवलाच जात नव्हता. नोटरीचा शिक्का सही कुणी केली एवढंच सांगतो. जमिनीचा मालक कोण, हे तो सांगत नाही.

डिसेंबर ते मार्च, चार महिने 9,000 रुपये वेळेवर आले. या 36,000 रुपयांनी माझं सर्वांत मोठं नुकसान केलं, कारण त्यांच्या जोरावर मी आमच्या शाळेच्या निवृत्त शिपायांना, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ही योजना सांगितली. नानांनी धाकट्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले 2 लाख भरले. "गुरुजी, तुम्ही भरले म्हणजे पाहायचं काम नाही," असं म्हणाले होते. माझे सहा लाख मी कधीतरी विसरेन, नानांचं ते बोलणं विसरता येत नाही.

एप्रिल 2025 मध्ये हप्ता आला नाही. मे महिन्यात "मंजुरीचं काम चालू आहे" असा निरोप. जूनमध्ये कार्यालयाला कुलूप. पाऊस पडल्यावर मी एकटाच एसटीने जागेवर गेलो. कमान उभी होती. आत कपाशीची लागवड झाली होती आणि 37 क्रमांकाचा खांब बांधावर आडवा पडला होता. शेतकरी बांधावरच भेटले. मला वाटलं भांडण होईल. त्यांनी मला सावलीत बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "गुरुजी, माले ते नुस्ता इसार भेटना. बाकीना पैसा आजून येवाना शे." म्हणजे त्यांना नुसता इसार मिळाला होता, बाकीचे पैसे यायचेच होते. जमीन त्यांच्या आणि दोन बहिणींच्या नावावर होती, बहिणींच्या सह्याच झालेल्या नव्हत्या. सातबाऱ्याच्या इतर हक्कात विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा होता. मालकांची नावं आणि हा बोजा मला राज्य शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर घरबसल्या दिसला असता.

माझा पुतण्या धुळ्याला सीए आहे. त्याने मला हा धंदा चालतो कसा, ते कागदावर आकडे मांडून समजावलं. खासगी विकसकाला केवळ जमीन विकत घेण्यासाठी बँक कर्ज देत नव्हती, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच होता. बिगरबँक वित्त कंपन्या पूर्वी सढळ हाताने देत. 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही त्यातलीच एक बडी कंपनी कोसळल्यावर त्यांनीही हात आखडता घेतला. ज्याच्याकडे स्वतःचं भांडवल नाही, त्याला मग आमच्यासारखे लोक लागतात. आमच्या पैशातून शेतकऱ्याला इसार, आमच्याच पैशातून कमान आणि जेवणं, नंतर आलेल्यांच्या पैशातून आमचा दीड टक्का. कपाशीच्या शेतातून महिन्याला दीड टक्का निघत नाही. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळजवळ 26 टक्के चक्रवाढ. प्लॉट घेतला अशा समजुतीत आम्ही योजना काढणाऱ्याला बिनतारणी कर्ज दिलं होतं.

व्याजदरांबद्दल माझा विद्यार्थी बरोबर बोलला होता. फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आला. बाजाराचा अंदाज अचूक असला म्हणून विकणाऱ्याची जमीन खरी ठरत नाही. पुस्तिकेतल्या दहा खऱ्या बातम्यांआड एक गोष्ट लपवलेली होती. पुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात 'महारेरा नोंदणी प्रक्रियेत' असं छापलं होतं. महारेरा म्हणजे रेरा कायद्याखाली बांधकाम आणि प्लॉटच्या योजनांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण. रेरा कायदा फ्लॅटपुरता आहे, असं मी समजत होतो. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या प्लॉटच्या योजनेलाही तो लागू होतो. नोंदणी क्रमांक मिळाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही, पैसे घेता येत नाहीत. नोंदणी झालेल्या योजनेतही, नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. माझ्याकडून सुमारे 79 टक्के घेतले होते.

माझा विद्यार्थी पळालेला नाही. त्याने स्वतःचे आणि सासऱ्यांचेही पैसे त्यात घातले होते, कमिशनही घेतलं होतं. पोलिसांसमोर त्याने दोन्ही कबूल केलं. मला त्याचा राग येतो आणि कीवही येते.

आम्ही एकोणीस जणांनी मिळून आर्थिक गुन्हे शाखेकडे अर्ज दिला आहे. पावतीवर दरमहा परतावा लिहिलेला असल्यामुळे ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा कायदा लावण्याची मागणी वकिलांनी केली आहे. महारेराकडे बिननोंदणीच्या प्रकल्पाची तक्रारही केली.

आता नवा प्रकार सुरू झाला आहे आणि हे लिहिण्याची घाई त्यासाठीच आहे. जुलै 2025 मध्ये तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा विधिमंडळात झाली, तेव्हापासून काही गुंतवणूकदारांना फोन येत आहेत. जुनी पावती जमा करा, वर एक लाख भरा, शिरपूर रस्त्यावरच्या दुसऱ्या योजनेत प्लॉट बदलून देतो, असं सांगतात. नानांनाही फोन आला होता. ते पावती पिशवीत घालून निघालेही होते, वाटेत माझ्या घरी थांबले म्हणून वाचले. तुमच्याकडे अशी पावती असेल तर मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका. छायाप्रत द्या, तीही पोच घेऊन. नानांची पावती आता माझ्या कपाटात आहे, त्यांनीच ठेवायला दिली आहे. पुढच्या मंगळवारी आम्ही दोघं ती घेऊन धुळ्याला जबाब द्यायला जाणार आहोत.